खांद्यापाशी बोटभर फट

कारखान्यात त्याला तोंडावर सगळे साहेब म्हणत आणि पाठ वळली की फूटपट्टी. अंगानं तसाच होता, सरळसोट आणि चपटा, आणि बोलणंही तसलंच: इंच, सूत, मिलिमीटर. एकदा चिकटलेलं नाव निघत नाही, तेव्हा आपणही त्याला फूटपट्टीच म्हणू. लाकडी फर्निचरच्या त्या कारखान्यात तो ड्रॉइंग काढायचा. खाली सव्वीस माणसं करवती आणि रंधे चालवत, आणि हा माडीवरच्या काचेच्या खोलीत पंख्याखाली पांढऱ्या कागदावर रेघा मारत असे. त्या कागदावरून खालच्यांना कळायचं की काय बनवायचंय. ह्याला मात्र वाटायचं, बनवतो ते आपणच.

खालचे सगळ्यांत जुने मिस्त्री म्हणजे त्याच्या सख्ख्या ताईचे यजमान. घरी तो त्यांना भाऊजी म्हणायचा, कारखान्यात मिस्त्री. हा नियम त्यानं नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात स्वतःच ठरवला होता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आईवडील लवकर गेले. ताईनं त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं, डिप्लोमा करवला, आणि डिप्लोमा झाल्यावर भाऊजींनीच मालकांकडे शब्द टाकून त्याला चिकटवलं. हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. म्हणूनच की काय, मिस्त्री म्हणताना त्याचा आवाज जरा जास्तच चढायचा.

भाऊजींना त्याचं काही वाटत नसे. तेही चारचौघांत त्याला "साहेब" म्हणत, आणि थट्टेनं नाही, मनापासून. "आमच्या साहेबांचं ड्रॉइंग आहे, बघायचं काम नाही," असं नव्या माणसाला सांगताना त्यांची छाती दोन इंच फुगायची.

त्या कारखान्यात एक रिवाज होता. पिण्याच्या पाण्याच्या नळाशेजारी एक काळी फळी टांगलेली असे. ज्याच्या हातून काम बिघडेल त्यानं खडूनं, स्वतःच्या हातानं, त्या फळीवर लिहायचं: कोण, कुठलं काम, काय चुकलं. दंड नाही, आरडाओरडा नाही. महिना संपला की फळी पुसायची. पण पाणी प्यायला माणूस दिवसातून दहादा जातो, आणि पेला तोंडाला लावला की नजर नेमकी फळीवर जाते. त्यापेक्षा दंड परवडला, असं सगळे म्हणत. एकतीस वर्षांत मिस्त्रींचं नाव त्या फळीवर एकदाही आलं नव्हतं. फूटपट्टीचंही आलं नव्हतं, पण त्याचं कारण निराळं. फळी खालच्या लोकांसाठीच, असं तो धरून चालला होता; कागदावरची चूकसुद्धा चूकच असते, हे त्याच्या गावीही नव्हतं.

तर एका महिन्याच्या तीन तारखेला, गुरुवारी, एका ऑफिसचं मोठं टेबल पाठवायचं होतं. मीटिंगचं टेबल, लंबगोल, आठ फूट लांब आणि चार फूट रुंद. भोवती लाकडाची रुंद कड, कडेला आतून खाच, आणि खाचेत वरून जाड काच उतरवायची. लाकूड मिस्त्रींनी केलं होतं. काच दोन गल्ल्या पलीकडच्या काचेच्या कारखान्यातून कापून आली होती. चौघांनी ती उचलली, बेतानं वर धरली, आणि हळूहळू खाली सोडली.

काच बसेना. दोन टोकांना ठीक, मध्यावर ठीक, पण बाजूंच्या कुशीत दीड सूत अडत होती. आणि जिथे कड वळून टोकाकडे जाते त्या चारी खांद्यांना उलट चक्क बोटभर फट. मालक आले. त्यांनी स्वतः टेप धरली. काचेची लांबी आठ फूट, रुंदी चार फूट. खाचेची लांबी आठ फूट, रुंदी चार फूट.

"लांबी बरोबर, रुंदी बरोबर, आणि तरी बसत नाही?" मालक म्हणाले. "हे काय गौडबंगाल आहे?"

सगळ्यांनी माना वर करून जिन्याकडे पाहिलं. फूटपट्टी उतरत होता. त्याला खरोखरच काही कळलेलं नव्हतं, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. पण चार माणसं बघत असताना "मला माहीत नाही" हे तीन शब्द त्याच्या जिभेनं आयुष्यात कधी उच्चारले नव्हते.

"ड्रॉइंग बरोबर आहे," तो म्हणाला. "मिस्त्रींचा हात चुकला असणार. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून जरा..."

वाक्य त्यानं तिथेच सोडून दिलं. दोन महिन्यांपूर्वी मिस्त्रींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि दवाखान्यात सोबतीला हाच गेला होता. त्याच्या तोंडून आलं म्हटल्यावर कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं.

मिस्त्रींनी खाचेत बोट घातलं आणि टेबलाभोवती एक पूर्ण फेरी मारली. "माझ्या बोटाला तर कुठे लागत नाही," ते पुटपुटले. मग त्यांनी एकदा मेहुण्याकडे पाहिलं. "असेल. साहेब म्हणतात तर असेल." नळाकडे जाऊन त्यांनी खडू उचलला आणि शाळकरी वळणदार अक्षरात लिहिलं: मिस्त्री. लंबगोल टेबल. नजर चुकली. हात चुकला असं नाही लिहिलं, नजर चुकली असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मालकांनी फूटपट्टीला काचेच्या कारखान्यात धाडलं. "त्यांचीही एकदा खात्री करून या. आपल्याच माणसावर सगळं नको ढकलायला." लाकडी कडेचा आकार खाकी कागदावर उतरवून, त्याची गुंडाळी काखेत मारून तो गेला. तिथे कापायच्या मशीनवर एक चष्मेवाली बाई होती. विचारलं तेवढंच सांगणारी बाई. तिनं खाकी कागद मोठ्या टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर काचेचे तुकडे ठेवले आणि चष्मा वर सरकवून पाहिलं.

"हा ओव्हल आहे," ती म्हणाली. "तुम्ही इलिप्स मागितला होतात."

"एकच ना ते?"

"फोनवर तुम्ही हेच म्हणाला होतात."

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर त्याला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं. तिनं जाडजूड वही काढली, पान उलटलं आणि त्याची स्वतःची चिठ्ठी समोर धरली. आठ बाय चार, इलिप्स. खाली त्याची झोकदार सही. आणि त्याला सगळं आठवलं. तिनं फोनवर विचारलं होतं, ओव्हल हवा की इलिप्स, मशीनला सांगावं लागतं. हा हसला होता. "अहो बाई, एकाच आकाराची इंग्रजीत दोन नावं आहेत. इलिप्स लिहा, बरं दिसतं." इलिप्स म्हटलं की जरा शिकल्यासारखं वाटतं, म्हणून. मिस्त्रींना दिलेल्या कागदावर मात्र त्यानं अंदाजानं एक लंबगोल काढून, लांबी-रुंदी टाकून, वर सवयीनं ओव्हल लिहिलं होतं.

"म्हणजे फरक काय आहे?" त्यानं विचारलं. हा प्रश्न त्यानं डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी पाठ करून सोडवलेला होता आणि परीक्षा झाल्याबरोबर विसरलेला होता.

"एक बोट ठेवा इथे," ती म्हणाली.

"कुठे?"

"इथे. पलीकडच्या टोकाला मी वजन ठेवते. दाबून धरा. खिळे समजा."

त्यानं एक बोट कागदावर रोवलं, सातेक फुटांवर तिनं लोखंडी वजन ठेवलं. तिनं एका दोऱ्याचा फास बोट आणि वजन दोन्हींभोवती टाकला, दोऱ्यात पेन्सिल अडकवली आणि दोरा ताणून धरत टेबलाभोवती फिरली. हा वाकलेला, बोट टेकवून, शिक्षा झालेल्या पोरासारखा उभा. जाता-येता दोन माणसं त्याच्याकडे बघून गेली.

"हा इलिप्स. ह्याला नियम आहे. कडेवर कुठेही उभे राहा, दोन्ही खिळ्यांपासूनच्या अंतरांची बेरीज तेवढीच भरते. लांबी-रुंदी दिली की इलिप्स एकच निघतो, दुसरा निघूच शकत नाही. आणि ओव्हल म्हणजे नुसतं लांबट गोल. अंड्यालाही ओव्हल म्हणतात, पळायच्या मैदानालाही म्हणतात. लांबी-रुंदी तीच ठेवून शंभर तऱ्हेचे ओव्हल काढा. सगळे इलिप्स ओव्हलमध्ये येतात. सगळे ओव्हल काही इलिप्स नसतात. सुतार सगळे कामगारच असतात, पण प्रत्येक कामगार सुतार असतो का? तसं."

त्यानं खाली पाहिलं. तिची पेन्सिलीची रेघ मिस्त्रींच्या रेघेच्या कुशीतून जराशी बाहेर जात होती आणि खांद्यापाशी आत शिरत होती. मधे बोटभर जागा.

"मग ह्यातलं चुकीचं कुठलं?"

"चुकीचं कुठलंच नाही. दोन वेगळ्या वस्तू आहेत, एवढंच." तिनं मिस्त्रींच्या रेघेवरून नख फिरवलं. "हे कंपासाचं काम आहे ना? टोकांना दोन लहान कमानी, बाजूंना दोन मोठ्या. कड सगळीकडे सारख्या रुंदीची हवी असली की सुतार असंच काढतात. सुरेख आहे हो. कमानी कुठे जुळल्यात ते मला सापडत नाही. कुणी काढलंय?"

"आहेत आमच्याकडे एक," तो म्हणाला. मग इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "ती चिठ्ठी मी घेऊन जाऊ का?"

"नाही. ती वहीलाच राहते."

"मग कुणाला..."

"कुणी विचारलं तर जे आहे ते सांगेन. नाही विचारलं तर मी कशाला सांगत बसू?" असं म्हणून ती मशीनकडे वळली.

परतताना त्यानं खाकी कागदाच्या घड्या घातल्या, एकीवर एक, मुठीत मावेपर्यंत, आणि तो रस्त्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून दिला. मालक दारातच होते.

"काय म्हणतात काचवाले?"

"काच बरोबर आहे," फूटपट्टी म्हणाला.

ह्यात खोटं एक अक्षर नव्हतं. मालकांनी सुस्कारा सोडला. "म्हणजे मिस्त्रीच," ते म्हणाले. हा जिना चढून माडीवर निघून गेला. बिचारा घाबरला असेल, असं कुणाला वाटेल. कशाला घाबरेल? मालक भले गृहस्थ, नोकरीला धक्का लागणार नव्हता. फार तर खडू हातात घेऊन नळापाशी तीन ओळी लिहाव्या लागल्या असत्या आणि महिनाभर खालच्या लोकांनी गालांत हसून पाणी प्यायलं असतं. तेवढीशी लाज त्याच्यानं सोसवेना, म्हणून ती त्यानं दुसऱ्याच्या पानात वाढली, तीही ज्यांच्या घरचं खाऊन वाढला त्यांच्या.

पुढे सगळं आपोआप होत गेलं. दुसऱ्या एका सुतारानं काच प्लायवूडवर आडवी ठेवली, तिच्या कडेनं पेन्सिल फिरवली आणि त्या रेघेवर नवी कड केली. काच अलगद बसली. "बघा, बसली की नाही!" सगळे म्हणाले. झालं, मिस्त्रींविरुद्ध आणखी एक पुरावा तयार झाला. मालकांनी त्यांना जवळ बोलावून अगदी आदरानं सांगितलं की डोळ्याला आराम पडू दे, काही दिवस पॅकिंगला बसा. मिस्त्री दाराजवळच्या स्टुलावर बसून टेबलांच्या पायांना पुठ्ठा आणि सुतळी गुंडाळू लागले. पहिले दोन दिवस लोक त्यांच्याकडे काहीबाही विचारायला येत. मग येईनासे झाले. उलट तेच जाता-येता कुणाला थांबवून म्हणत, "जरा बघ रे, हे सोळा इंचच आहे ना?"

हे फूटपट्टी माडीवरच्या काचेतून रोज पाहत होता. त्यानं खुर्ची फिरवून घेतली. मग पाठीला ते दिसू लागलं. खाली पाणी प्यायला जायचं त्यानं सोडलं, घरून बाटली आणू लागला. रोज सकाळी ठरवायचा की आज सांगतो, आणि रोज संध्याकाळी हिशेब करायचा की काल सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं. एकेका दिवसानं सांगणं जड होत होतं आणि त्याला ते कळतही होतं. आरशात स्वतःचं तोंड बघून दाढी करणं नकोसं झालं, इतकी त्याला स्वतःची शरम वाटत होती.

नोकरी लागल्यापासून तो वेगळ्या खोलीवर राहत होता. तिसऱ्या रविवारी ताईनं जेवायला बोलावलं. आधीच्या दोन रविवारी त्यानं काहीतरी सबबी सांगितल्या होत्या. दार उघडताच ताईनं त्याला स्वयंपाकघरात ओढलं.

"छोट्या, तुझ्या भाऊजींचं काय करू रे? घास जात नाही त्यांना. सकाळी उठले की आधी भिंतीवरचं कॅलेंडर वाचतात. एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून. सगळं नीट वाचतात, आणि म्हणतात, आकडे दिसतात गं, पण रेघ दिसत नाही मला. असं असतं का कुठे?"

भाऊजी बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसले होते. पुढ्यात जुनी वर्तमानपत्रं. डब्याचं झाकण ठेवून, त्याच्याभोवती पेन्सिल फिरवून, मग झाकण बाजूला करून तोच गोल ते हातानं गिरवत होते. त्याला पाहून त्यांनी कागद घाईनं गोळा केले, लपवल्यासारखे.

"बरं झालं आलास," ते म्हणाले. उठून त्यांनी कपाटातून एक लांबट लाकडी पेटी आणली. आत पितळी टोकांचा लांब दांड्याचा कंपास होता, ज्यानं त्यांनी जन्मभर मोठमोठ्या कमानी काढल्या होत्या. "हा तू घेऊन जा. मला आता काय उपयोग? तुझ्या ऑफिसात शोभेल. तू त्या दिवशी स्पष्ट बोललास ते बरंच झालं. परका कुणी बोलला नसता, आणि मी अशीच लोकांची लाकडं वाया घालवत बसलो असतो."

त्यांनी पेटी त्याच्या मांडीवर ठेवली आणि फूटपट्टीचा धीर सुटला. त्यानं सांगायला सुरुवात केली. फोन, इलिप्स, चिठ्ठी, दोरा, खांद्यापाशची फट, सगळं. भाऊजी, तुमची नजर ठणठणीत आहे, तुमचा हात ठणठणीत आहे, तुम्हाला मी ओव्हल सांगितला आणि तुम्ही ओव्हलच केलात. चूक माझी आहे. सगळं सांगितलं, एवढंच सोडून, की हे त्याला कधी कळलं.

भाऊजी शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"तू पहिल्यापासून असाच," ते म्हणाले. "माझी समजूत काढायला एवढं रचून आणलंस?"

"रचून? अहो, खरं सांगतोय!"

"एवढा शिकलेला माणूस तू. तुला दोन शब्दांतला फरक कळणार नाही होय? मला अडाण्याला कळलं नाही म्हण, मी मानीन."

"ताई, तू तरी सांग ह्यांना!"

ताई दारात उभी होती. तिनं पदर डोळ्यांना लावला होता. "पुरे रे," ती म्हणाली. "आपल्या भाऊजींसाठी स्वतःच्या अंगावर ओढून घेतोयस, कळतंय मला. किती केलं तरी मुलगाच आहेस तू आमचा. चल, पानं घेतलीत."

"अगं, खरंच माझी चूक आहे!" तो ओरडला.

"हो हो, तुझीच. जेव आता."

त्या दिवशी त्याच्या ताटात सगळ्यांत आधी वाढलं गेलं. ताई मधेच थांबून त्याच्याकडे कौतुकानं बघे आणि नवऱ्याला म्हणे, "बघा, असा भाऊ असावा." त्याला घास गिळवेना. सोळा दिवस खरं लपवताना जेवढी लाज वाटली नव्हती, तेवढी खरं बोलून वाटत होती.

सोमवारी सकाळी काचेचा कारखाना उघडायच्या आधी तो दारात जाऊन उभा राहिला. चष्मेवाली बाई कुलपाची किल्ली शोधत आली.

"तुम्ही म्हणाला होतात, विचारलं तर सांगाल," तो म्हणाला. "आज मी विचारतोय. वही घेऊन आमच्याकडे याल का? सगळ्यांच्या समोर सांगायचं आहे."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "दुपारच्या सुटीत येते," ती म्हणाली.

आणि आली. डबे उघडे टाकून माणसं भोवती जमली, मालक खुर्ची ओढून बसले, आणि तिनं चिठ्ठी वाचून दाखवली. आठ बाय चार, इलिप्स, खाली सही. फूटपट्टीनं कंपासाची पेटी भाऊजींच्या हातात दिली. "मिस्त्री," म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि थांबून म्हणाला, "भाऊजी, प्लायवूडवर तुमचा ओव्हल काढा. आठ बाय चार."

पहिल्या कमानीला भाऊजी दोनदा थांबले. दुसरीला एकदाच. चौथी कमान पहिलीला येऊन मिळाली तेव्हा सांधा शोधूनही सापडत नव्हता. मग बाईनं दोन खिळे ठोकायला लावले आणि त्याच प्लायवूडवर दोरा फिरवला. दोन्ही रेघा एकमेकींना कुशीत आणि खांद्यापाशी कापत गेल्या. भाऊजी वाकले, आणि खांद्यापाशच्या दोन रेघांच्या मधे त्यांनी आपलं बोट ठेवलं. बोट बरोबर मावलं. ते कितीतरी वेळ तसेच वाकून राहिले.

मालक उठले. "मिस्त्री, आजपासून आपल्या जागेवर. आणि साहेब..." त्यांनी नळाकडे बोट केलं.

फूटपट्टी गेला. मिस्त्रींच्या ओळी त्यानं बाहीनं पुसल्या आणि लिहायला लागला. खडू मोडला. अर्ध्या खडूनं त्यानं लिहिलं: ड्रॉइंगवाला. लंबगोल टेबल. काचेला एक शब्द सांगितला, लाकडाला दुसरा, आणि दोष मिस्त्रींवर टाकला.

"साहेब, ड्रॉइंगवाला नको," मागून कुणीतरी म्हणालं, "फूटपट्टी लिहा, लगेच कळेल." सगळे हसले. त्यानं मुकाट्यानं ड्रॉइंगवाला खोडून फूटपट्टी लिहिलं. त्या हसण्यानं त्याला जरा हलकं वाटलं. वाटलं, इतकंच होतं तर.

माणसं पांगली. भाऊजी पाणी प्यायला आले. त्यांनी पेला भरला, फळी वाचली आणि हळू आवाजात विचारलं, "तुला कळलं कधी?"

काल, असं म्हणता आलं असतं. शनिवारी, असंही चाललं असतं.

"दुसऱ्याच दिवशी," तो म्हणाला. "शुक्रवारी."

भाऊजींनी मनाशी मोजलं. "सतरा दिवस," ते म्हणाले. पाणी न पिताच त्यांनी पेला खाली ठेवला. "ह्या सतरा दिवसांत मी डोळ्याच्या डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आलो. ते बिचारे म्हणत होते, नजर उत्तम आहे. मी त्यांना म्हणालो, तुम्ही ऑपरेशन बिघडवलंत आणि आता खोटं बोलताय. त्यांच्या खोलीबाहेर माणसं बसली होती, त्यांच्यासमोर म्हणालो. उद्या जाऊन त्यांची माफी मागायला हवी मला."

"मी येतो बरोबर."

"नको," भाऊजी म्हणाले. "संध्याकाळी जेवायला ये. ताईला सांगायला हवं."

संध्याकाळी ताईला सगळं भाऊजींनीच सांगितलं, जेवता जेवता. वही, दोरा, बोटाची फट, नळावरची फळी. ताई आधी चिडली. "मेल्या, त्या दोन शब्दांपायी माझ्या माणसाला वेड लागायची पाळी आणलीस!" मग नवऱ्याच्या मोकळ्या झालेल्या चेहऱ्याकडे पाहून हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. "आणि काल हा जीव तोडून सांगत होता तर आपणच ऐकलं नाही त्याचं." वाढता वाढता ती थांबली. "पण छोट्या, तुला स्वतःला कळलं कधी रे?"

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. मान वर केली. समोर भाऊजी बसले होते आणि त्याच्याकडे न पाहता पाण्याचा तांब्या पुढे सरकवत होते.

"शनिवारी," भाऊजी म्हणाले. "शनिवारी कळलं त्याला. रविवारी लगेच सांगायला आला."

"बघा," ताई म्हणाली, "एक दिवससुद्धा राहवलं नाही त्याला," आणि तिनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला. भाऊजी खाली मान घालून जेवत होते. त्यानं भात कालवला आणि शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.